कुठं लागलं, सांग

सुशिलाबाईनं दार लावलं ते थेट चमेलीच्या तोंडावर. नुसतं लोटलं असतं तर गोष्ट वेगळी होती, पण आतून कडी चढवल्याचा आवाज कुंपणापर्यंत ऐकू आला.

"मामी, खुशबूचं बीपी पाहू द्या न वो! पाच मिनिटाचं काम आहे," चमेली कुंपणाबाहेरून ओरडली.

"पोरगी बरी आहे. तू आपले हात पाह्य आधी," आतून उत्तर आलं.

चमेलीनं हात पाहिले. बघवत नव्हतेच ते. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या, तळव्याची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटत होती आणि दोन्ही मनगटांच्या वर, पाठच्या बाजूला, एकेक फिकट कोरडा चट्टा उठला होता. मिरची वाटायची सोय राहिली नव्हती. लुगडं पिळताना अंगठ्याजवळची चीर उघडायची आणि ब्रह्मांड आठवायचं.

हिरडाटोला म्हणजे देवरीपासून अठरा किलोमीटर आत, जंगलाला टेकलेलं चौऱ्याण्णव घरांचं गाव. चमेली कुंभरे तिथली आशाताई. अकरा वर्षं ती या घरांतून त्या घरांत फिरत होती, आणि अकरा वर्षांत तिच्यासाठी कुणी कडी लावली नव्हती. आता लावली ती नेमकी ज्या घरात तिचं काम अडलं होतं त्या घरानं. सुशिलाबाईची सून खुशबू पहिलटकरीण होती, नववा महिना लागला होता, आणि मागच्या महिन्यात तिचं बीपी चढलेलं निघालं होतं. उपकेंद्राची सिस्टर स्वतःच कोरोनानं आजारी पडून तिच्या गावी घरी बसली होती. खुशबूवर डोळा ठेवायला चमेलीशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

हे हात असे का झाले, ते सांगायला मार्चपर्यंत मागं जावं लागेल. मार्चमध्ये चमेलीला देवरीला बोलावून हात धुण्याचं प्रशिक्षण दिलं होतं. तळव्यावर तळवा, मग पाठची बाजू, मग बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट. चमेलीचा स्वभाव असा की एखादं काम अंगावर घेतलं की त्याचा पिच्छा सोडायचा नाही. तिनं घरोघर जुने मोजे मागितले, त्यांत साबणाची वडी घातली आणि प्रत्येक घराच्या खांबाला एकेक मोजा टांगला. कुणाच्याही अंगणात शिरताना ती आधी स्वतः धुवून दाखवायची, निघताना पुन्हा धुवायची. पोरंटोरं तिच्या मागं मागं हात चोळत फिरायची. गावानं तिची चेष्टा केली, पण हातही धुतले. सप्टेंबरपर्यंत आजूबाजूच्या तीन गावांत कोरोना शिरला, हिरडाटोल्यात नाही. याचा चमेलीला मनातून केवढा तरी अभिमान होता.

आता अडचण अशी की खांबाला टांगलेला साबण कपडे धुवायचा होता. गावात आंघोळीचा साबण बाहेर अंगणात टांगून ठेवण्याइतकं कुणी उदार नव्हतं. त्यात सरकारी सॅनिटायझरची बाटली पंधरा दिवसांत संपली. तेव्हा याच सुशिलाबाईनं पुढं होऊन आपल्या हातची मोहाची दारू, तीही पहिल्या धारेची, शिशीत भरून चमेलीला दिली होती.

"काडी लावली तं भडकते, पाह्य. ढोराची जखम सुकते हिच्यानं, किरोना काय चीज आहे!" सुशिलाबाई तेव्हा छाती पुढं काढून म्हणाली होती.

चमेलीनं ती शिशी कंबरेला बांधली आणि सहा महिने इमानेइतबारे हातांना चोळली. मधे काही दिवस तर आशाताई पिऊन फिरते असंही गावात उठलं होतं. त्यावर ती पोट धरून हसली होती.

पण चट्टे उठले तेव्हा ती हसली नाही. कारण फिकट कोरडा चट्टा म्हणजे काय असू शकतं, हे गावाला शिकवणारी तीच होती. दर वर्षी महारोगाच्या तपासणीला ती घरोघर जायची. डोळे मिटायला लावायची, पेनाचं टोक किंवा कोंबडीचं पीस अंगावर टेकवायची आणि विचारायची, कुठं लागलं, सांग. ज्याला चट्ट्यावर लागलेलं कळायचं नाही, त्याला दवाखान्यात न्यायची. चट्टा लपवू नका, चट्टा लपवू नका, हे तिनं इतक्या वेळा सांगितलं होतं की गावाला ते पाठ झालं होतं. फक्त गावानं धडा अर्धाच पाठ केला. चट्टा लक्षात ठेवला आणि बधिरपणा विसरून गेलं. त्यामुळे किराणावाल्या ईश्वरदासनं तिच्या मनगटावरचे चट्टे पाहिले त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आशाताईले महारोग झाला.

चमेली स्वतःही घाबरली. आपली आपण तपासणी करता येत नाही, कारण काडी कुठं टेकवतोय ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. दुसऱ्याच दिवशी तिनं नवऱ्याला, लखनला, गाडी काढायला लावली आणि देवरीचा सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पुण्याकडच्या. त्यांनी चमेलीचे डोळे मिटायला लावून दोन्ही हात तपासले, खालून वरून पाहिले.

"दिवसातून किती वेळा धुता?"

"मोजले नाही मॅडम. पस्तीसक घरं होतात. जातानी एकदा अना निंगतानी एकदा."

"म्हणजे सत्तर वेळा! कपड्याच्या साबणानं! आणखी काय लावता?"

चमेलीनं मान खाली घातली आणि काय ते सांगून टाकलं. मास्कच्या आत डॉक्टरीणबाई हसल्या ते डोळ्यांवरून समजलं.

"ताई, हा महारोग नाही. एक्झिमा आहे. साबणानं आणि त्या तुमच्या दारूनं कातडीतलं सगळं तेल ओढून घेतलंय. हा एकाचा दुसऱ्याला होत नाही. हात धुणं सोडू नका, पण साबण सौम्य घ्या, धुतल्यावर नीट टिपा आणि लगेच मलम लावा. मलम नसेल तेव्हा साधं घट्ट तेल लावलंत तरी चालेल."

"टोळीचं चालते का?"

"ते काय असतं?"

"मोहाच्या बियाचं. थंडीत आमी अंगाले लावतो."

"वास सोसत असेल तर लावा. आणि मोहाचं ते दुसरं बंद!"

चमेली कागद घेऊन गावात परतली ती जवळजवळ नाचतच. पण कागदाला विचारतो कोण? ईश्वरदासनं तो लांबून वाचला आणि मान हलवली. "डॉक्टरीन तुमच्याच खात्याची. आपल्या मान्साबद्दल कोनी वाईट लिहिते का?" एवढं बोलून तो मिठाची पुडी बांधायला वळला. चमेलीला त्या पुडीसकट त्याला उचलून फेकावंसं वाटलं.

तरी ती रोज सकाळी सुशिलाबाईच्या कुंपणाशी जायचीच. दार बंद तर बंद. बाहेरून गळा काढून विचारायची, पोरगी जेवली का, डोकं दुखते का, डोळ्यासमोर अंधारी येते का. आतून सुशिलाबाई एकच उत्तर द्यायची, बरी आहे. खुशबूचा आवाज एकदाही आला नाही. तिचा नवरा नीलेश अंगणात भेटायचा, पण आईपुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची. बाळंतपण घरीच करायचं असं सुशिलाबाईनं ठरवून टाकलं होतं. दवाखान्यात कोरोना आणि आशाताईला महारोग, मग जायचं कुणाबरोबर?

सातव्या दिवशी खुशबू दिसली. सकाळी ती मागच्या दारानं बाहेर आली आणि चमेलीनं कुंपणाच्या फटीतून पाहिलं. खुशबूच्या पायांत नीलेशच्या चपला होत्या. भल्या मोठ्या, पुरुषी, अंगठ्याच्या पट्ट्याच्या. आणि त्या चपलासुद्धा तिच्या पायांना घट्ट झाल्या होत्या.

एवढी सूज म्हणजे बीपी चढलेलं असणार, आणि ते कुणी मोजलेलं नाही. पोरीला झटका आला तर अठरा किलोमीटर जाईपर्यंत काय उरेल, हे चमेलीनं एकदा दुसऱ्या गावात डोळ्यांनी पाहिलं होतं.

ती तिथून तडक घरी गेली. लखन शेतावर निघाला होता.

"आज रेशनचे तांदूर वाटून राहिले न?" तिनं विचारलं.

"हव. आंगनवाडीपुढं. काऊन?"

"सारा गाव असन तिथं. मी तपासनी करून घेतो. सगळ्यायच्या पुढं."

"वेडी झाली का तू? सारे हासतीन."

"हासू दे. खुशबू मेली तं मंग कोन हासते पाहू."

लखननं मग वाद घातला नाही. त्यानं खांद्यावरचं फावडं उतरवलं आणि तिच्या मागं चालू लागला.

अंगणवाडीसमोर मोहाच्या झाडाखाली जमिनीवर चुन्याचे गोल आखले होते, एकेका गोलात एकेक माणूस, हातात पिशवी. असे गोल आखायचं एप्रिलमध्ये चमेलीनंच सुरू केलं होतं. सगळ्यांच्या मागं, बाकीच्यांपासून दोन हात जास्त अंतर सोडून, एक गोल होता तो पुनारामचा. तो मात्र तिनं आखला नव्हता, पण कुणी आखला हे तिनं कधी विचारलंही नव्हतं. पुनाराम म्हातारा गवताचे झाडू बांधायचा. आठ वर्षांपूर्वी त्याच्या पाठीवरचा चट्टा चमेलीनंच शोधला होता आणि बारा महिने गोळ्या देऊन त्याला बरा केला होता. पण तोवर उजव्या हाताची दोन बोटं वाकली ती वाकलीच, आणि दोन्ही तळव्यांतली जाण गेली ती परत आली नाही. बरा झाला तरी गावानं त्याचा गोल लांबच ठेवला होता.

चमेली सगळ्यांच्या पुढं मोकळ्या जागेत जाऊन बसली. मांडी घातली, दोन्ही हात पुढं पसरले.

"तुमी म्हणता मले महारोग आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "मी दरसाल तुमची तपासनी करतो. आज तुमी माही करा. डोरे मी बांधतो. कोनीबी या, काडी लावा अना विचारा. एक ठिकान चुकलं तं मी आजच देवरीले जातो, गावात पाय नाही ठेवत. नाही चुकलं तं सुशिलामामी, तुमी दार उघडाचं."

सुशिलाबाई तिसऱ्या गोलात उभी होती. तिनं पिशवी छातीशी धरली.

लखन पुढं झाला. तसा ईश्वरदास आपल्या गोलातून म्हणाला, "घरचा मानूस नाही चालत. घरचा सांगून देईन."

"मंग तू ये," चमेली म्हणाली आणि पदरानं डोळे बांधून घेतले.

ईश्वरदास आला नाही. कुणीच आलं नाही. डोळ्यांवरच्या अंधारात चमेलीला फक्त पावलांचा आवाज ऐकायचा होता आणि तो येत नव्हता. कुणीतरी खोकलं, कुणीतरी खोकणाऱ्याला दटावलं. तिचे पसरलेले हात अवघडले. अकरा वर्षांत ज्यांची लेकरं या हातांनी तोलली, ज्यांच्या जखमा धुतल्या, त्यांतल्या एकालाही चार पावलं टाकता येईनात, याचं तिला फार वाईट वाटलं. तरी तिनं हात खाली घेतले नाहीत.

मग मागून फरफटत येणाऱ्या चपलांचा आवाज आला. तिच्यासमोर कुणीतरी कण्हत खाली बसलं. झाडूच्या गवताचा वास आला, आणि तिनं ओळखलं.

"मामाजी?"

"गप ऱ्हा. डोरे बांधले न? मंग गप ऱ्हा," पुनाराम म्हणाला. काखेतल्या झाडूतून त्यानं एक काडी उपसली. ती बोटांत धरता येत नव्हती म्हणून अंगठा आणि तळव्याच्या चिमटीत दाबून धरली. "कोठं लागलं, सांग."

"करंगळी. नखाजवर."

"आता?"

"मनगट. चट्ट्यावर, मधातच."

"आता?"

"अंगठ्याची चीर! हळू न मामाजी, आग होते."

कुणीतरी हसलं. पुनाराम हसला नाही. त्यानं दुसरा हात घेतला, तिथला चट्टा, तळवा, पेरं, एकेक करत गेला, आणि चमेली एकेक सांगत गेली. गोलांतली माणसं नकळत पुढं सरकली. चुना पायाखाली पुसला जाऊ लागला.

"आता?" पुनारामनं विचारलं.

चमेली गप्प राहिली.

"सांग न. आता कोठं?"

"नाही लागलं," ती म्हणाली.

"पाह्य! पाह्य म्हनलं होतं का नाही!" ईश्वरदास ओरडला. सुशिलाबाईनं तोंडाला पदर लावला.

"वरडू नको रे," पुनाराम म्हणाला. त्यानं काडी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "लावलीच नव्हती मी. अदर धरली होती. ईनंच फसवलं होतं मले असं, आठ साल झाले. मधात एकदा लावाची नाही, म्हंजे मानूस अंदाजानं बोलते का खरं, ते समजते."

मग त्यानं काडी टाकून दिली आणि आपला वाकडा हात चमेलीच्या पसरलेल्या तळव्यावर ठेवला.

"हे काय आहे?"

"तुमचा हात. खरबरीत आहे. गरम आहे."

"मले तुहा हात नाही समजून राहिला, बाई," तो म्हणाला. "तुले माहा समजते. मंग रोग कोनाले झाला होता, हे या लोकायले सांग."

चमेलीच्या डोळ्यांवरचा पदर भिजला. तिनं तो सोडला तेव्हा तिसरा गोल रिकामा होता. सुशिलाबाई तांदूळ न घेताच घराकडं निघाली होती, झपाझप, मागं न बघता.

चमेली तिच्या मागं धावली. घराशी पोचली तर दार सताड उघडं. सुशिलाबाई पाण्याचा लोटा घेऊन उंबऱ्यात उभी होती. खांबावरच्या मोज्यातला साबण तिनं काढून टाकला होता आणि कुठून तरी आंघोळीची वडी शोधून आणली होती. तिनं स्वतः चमेलीच्या हातांवर पाणी ओतलं, स्वतःच्या पदरानं ते टिपले आणि वाटीतलं टोळीचं तेल तळव्यावर घातलं.

"माह्याच दारूनं झालं का हे?" तिनं खालमानेनं विचारलं.

"अर्धं तुमच्या दारूनं, अर्धं माह्या हौसेनं," चमेली म्हणाली. "आता पोरगी दाखवा."

खुशबू भिंतीला टेकून बसली होती. डोकं दोन दिवसांपासून ठणकत होतं, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पण सासूला सांगायची हिंमत नव्हती. चमेलीनं खांद्यावरच्या पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं आणि पट्टा तिच्या दंडाला बांधला. आकडा आला तो बघून तिनं कुणाशी चर्चा केली नाही, सरळ दवाखान्याच्या गाडीला फोन लावला.

"दवाखान्यात किरोना आहे म्हन्ते वो," सुशिलाबाई रडवेली झाली.

"असू दे. घरात त्याच्याहून मोठं आहे," चमेली म्हणाली. "नीलेश, कपडे भर. अना तुह्या चपला तिच्याच पायात राहू दे."

गाडी जंगलातून निघाली आणि अर्ध्या वाटेत खुशबूला कळा सुरू झाल्या. देवरीला त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बीपी पाहिलं, इंजेक्शन दिलं आणि मास्कवरून चमेलीकडं पाहत म्हणाल्या, "वेळेत आणलंत. रात्र काढली असती तर दोन्ही जीव गेले असते." आत फक्त एकालाच सोडणार होते. सुशिलाबाईनं खुशबूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागं सरली.

"तूच जा वो चमेली," ती म्हणाली.

ऊन उतरेपर्यंत खुशबूनं चमेलीचा हात सोडला नाही. प्रत्येक कळेला ती अशी काही आवळायची की अंगठ्याची चीर पुन्हा उघडली, पेरांतल्या सगळ्या भेगा ताणल्या गेल्या आणि चमेलीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. एका कळेनंतर दम खाताना खुशबूचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडं गेलं. तिनं घाबरून पकड सैल केली.

"दुखते का वो तुले?"

"हव," चमेली म्हणाली आणि तिचा हात पुन्हा आपल्या हातात ओढून घेतला. "लय दुखते. सोडू नको."